हलकी कार्यप्रणाली आणि ड्रायव्हरची निवड

बुलढाणा जिल्ह्याचे वर्णन बोलण्याच्या ओघात नेहमी घाटावरील आणि घाटाखालील असे केले जाते. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतच्या पठारावर आहे. तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा भाग पूर्णेच्या खोऱ्यात वसला आहे. हवा, पाणी व पिके या बाबतींत या दोन भागांत बराच फरक आढळतो. एका बाबतीत मात्र जिल्ह्याचे तेराही तालुके सारखेच आहेत. गावचा कारभार आता संगणकावाचून चालत नाही. २०११ मध्ये ‘संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र’ अर्थात ‘संग्राम’ प्रकल्पाद्वारे ग्रामपंचायतींच्या दारी संगणक आला. पुढे २०१६ पासून त्या प्रकल्पाची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. २०२० मध्ये केंद्र शासनाची ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणाली सुरू झाली आणि सरपंचांच्या व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या डिजिटल स्वाक्षरीने देयके अदा होऊ लागली. शाळांतूनही संगणक कक्ष उभे राहिले.

या संगणकांपैकी जे जुने आहेत त्यांच्यापुढे आता एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमचा, विनामूल्य सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. मुदतवाढ म्हणून वैयक्तिक वापरकर्त्यांना आणखी एका वर्षाची, तर संस्थांना शुल्क भरून तीन वर्षांपर्यंतची सुरक्षा-अद्यतने देऊ करण्यात आली. त्यानंतरची ‘विंडोज ११’ ही प्रणाली साधारणपणे २०१८ पूर्वीच्या प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालत नाही; शिवाय संगणकात ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चकती असणे तिला आवश्यक वाटते. अशा स्थितीत जुना संगणक टाकून द्यावा की हलकी कार्यप्रणाली घालून तो पुन्हा उपयोगात आणावा, असा विचार शाळेत, कार्यालयात आणि घरोघरी होणे स्वाभाविक आहे.

हाच विचार तरुण वर्ग वेगळ्या दिशेने करीत असतो. त्याला संगणकावर खेळ खेळावयाचे असतात आणि खेळ अडखळत चालू नयेत म्हणून ‘हलकी’ कार्यप्रणाली हवी असते. संगणकावरील खेळांकडे केवळ वेळेचा अपव्यय म्हणून पाहण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर बंदी घातली, तर ई-स्पोर्ट्स व शैक्षणिक खेळांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हा खेळासाठी संगणक सिद्ध करणाऱ्या मुलाला नुसते दटावून भागणार नाही. त्याने तो कसा सिद्ध करावा हे सांगणे अधिक उपयुक्त ठरेल. कारण खेळासाठी केलेले प्रयोग पुष्कळदा कामाच्या संगणकापर्यंतही जाऊन पोहोचतात.

हलकेपणाची भूल

आंतरजालावर विंडोजच्या काटछाट केलेल्या आवृत्त्या सहज मिळतात. ‘टायनी ११’सारखी काही नावे त्यांत विशेष परिचित आहेत. मूळ प्रणालीतील जे घटक खेळासाठी अनावश्यक वाटतात ते काढून टाकणे, हे या आवृत्त्यांचे साधारण तंत्र असते. यामुळे स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, काही भाग मोकळा होतो आणि संगणक लवकर सुरू होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु काटछाटीत नेमके काय गेले हे वापरणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. काही आवृत्त्यांत विषाणूप्रतिबंधक व्यवस्था काढलेली असते. काहींत सुरक्षा-अद्यतने घेण्याची सोयच उरत नाही. टायनी ११ च्या सर्वांत लहान आवृत्तीला अद्यतने घेता येत नाहीत आणि ती नित्य वापरासाठी नाही, असे तिच्या कर्त्यानेच बजावून ठेवले आहे. दुसऱ्या कोणी बनवून पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरविलेल्या आवृत्तीची तर कोणतीच खात्री देता येत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, खेळाची गती मुख्यतः कार्यप्रणालीच्या आकारावर अवलंबून नसते. पडद्यावर दर सेकंदाला किती चित्रे उमटतात यावर खेळाचा ओघ ठरतो. ही चित्रे रेखाटण्याचे काम ग्राफिक्स चकती करते आणि त्या चकतीकडून काम करवून घेतो तो तिचा ड्रायव्हर. तो चुकीचा असेल तर प्रणाली कितीही हलकी केली तरी खेळ अडखळतच राहतो; आणि तो योग्य असेल तर मूळ, अधिकृत प्रणालीवरही तोच खेळ सुरळीत चालतो. म्हणून संगणक हलका करण्याचा विचार कात्री हाती घेऊन सुरू करू नये. ड्रायव्हरच्या निवडीपासून सुरू करावा.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ड्रायव्हर ही संगणकातील एक छोटी आज्ञावली असते. तिचे कार्य महसूल खात्याच्या रचनेवरून चटकन ध्यानी येईल. तहसील कार्यालयातून निघणारा आदेश सर्व गावांसाठी एकाच नमुन्यात असतो. प्रत्यक्ष गावात त्याची अंमलबजावणी होते ती पूर्वीच्या तलाठ्यामार्फत, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यामार्फत. कोणता गट कोठे आहे, बांध कोणता, पाणंद कोणती, हे त्यालाच ठाऊक असते. कार्यप्रणाली म्हणजे तहसील कार्यालय, संगणकाचा प्रत्येक यंत्रभाग म्हणजे एकेक गाव आणि ड्रायव्हर म्हणजे त्या गावचा ग्राम महसूल अधिकारी, असे मानल्यास पुढील सर्व विवेचन सोपे होते.

या तुलनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, दुसऱ्या साझ्याचा अधिकारी आणून बसविला तर त्याच्याजवळचा नकाशा या गावाचा नसतो. दुसऱ्या चकतीसाठी तयार झालेला ड्रायव्हर बसविल्यास नेमके हेच घडते. दुसरी गोष्ट अधिकाराची आहे. ग्राफिक्स, साठवणूक, जाळेजोडणी यांसारख्या भागांच्या ड्रायव्हरला कार्यप्रणालीच्या गाभ्यात काम करण्याची मुभा असते. साधी आज्ञावली बिघडली तर ती एकटीच बंद पडते. गाभ्यातील ड्रायव्हर बिघडला तर सारा संगणक बिघाडाचा पडदा दाखवून थांबतो. एवढा अधिकार ज्याच्या हाती द्यावयाचा त्याची नियुक्ती पारखूनच केली पाहिजे.

गाभ्यातील चुकीची किंमत

ही सावधगिरी अतिरेकी नाही, हे अलीकडच्या दोन घटनांनी दाखवून दिले. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष अद्यतनामुळे तिचा गाभ्यात चालणारा ड्रायव्हर कोसळला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक त्यामुळे बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. येथे कोणाचा हल्ला झाला नव्हता; गाभ्यात पोहोचलेली एक चूक तेवढी पुरेशी ठरली.

दुसरी घटना खेळाच्याच क्षेत्रातील आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या लोकप्रिय खेळाबरोबर खेळाडूंची लबाडी रोखणारा एक ड्रायव्हर येत असे. त्याच्यावर रीतसर डिजिटल स्वाक्षरी होती. तरीही त्यातील एका उणिवेचा लाभ घेऊन खंडणीखोर टोळीने संगणकांची विषाणूप्रतिबंधक व्यवस्था बंद पाडली, असे ‘ट्रेंड मायक्रो’ या संस्थेने ऑगस्ट २०२२ मध्ये निदर्शनास आणले. विशेष म्हणजे त्या संगणकावर तो खेळ बसविलेला असण्याचीही आवश्यकता नव्हती. हल्लेखोर तो ड्रायव्हर आपल्याबरोबरच आणू शकत होते. यावरून बोध घ्यावयाचा तो असा की, स्वाक्षरी ही ड्रायव्हरसाठी किमान अट आहे, संपूर्ण हमी नव्हे. आणि जो ड्रायव्हर लागत नाही तो संगणकावर असूच नये. खरा हलकेपणा तो हाच.

कोणते ड्रायव्हर लागतात?

नव्याने कार्यप्रणाली घालताना शंभर ड्रायव्हर जमा करण्याचे कारण नसते. विंडोजच्या अधिकृत संचात बहुतेक यंत्रभागांसाठी कामचलाऊ ड्रायव्हर अंतर्भूत असतात आणि उरलेले ‘विंडोज अपडेट’मार्फत आपोआप येतात. लक्ष द्यावे लागते ते प्रामुख्याने चार भागांकडे.

पहिला भाग साठवणुकीचा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांवर विंडोज घालताना साठवणुकीची डिस्क दिसतच नाही. डिस्क बिघडली असे समजून ती बदलण्याची घाई अशा वेळी केली जाते. वस्तुतः ‘रॅपिड स्टोरेज’ हा इंटेलचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून, घालतेवेळीच संगणकाला दाखविला की डिस्क दिसू लागते.

दुसरा भाग जाळेजोडणीचा. वाय-फाय वा लॅन यांचा ड्रायव्हर नसेल तर आंतरजाल मिळत नाही, आणि आंतरजाल नसेल तर ड्रायव्हर उतरवून घेता येत नाही. ही कोंडी टाळण्यासाठी जुनी प्रणाली पुसण्यापूर्वीच हा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावा. अनेक मोबाइल संच केबलने संगणकाला जोडूनही आंतरजाल पुरवितात. अडचणीच्या वेळी तोही मार्ग उपयोगी पडतो.

तिसरा भाग चिपसेटचा. मुख्य फळीवरील निरनिराळे मार्ग, यूएसबीची दारे व विजेची बचत यांचा मेळ चिपसेटचे ड्रायव्हर घालतात. लॅपटॉप वारंवार तापत असेल किंवा झोपेतून जागा होत नसेल, तर यांच्याकडे पाहावे.

चौथा आणि खेळाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग ग्राफिक्सचा. योग्य ड्रायव्हर न मिळाल्यास विंडोज ‘बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ नावाचा प्राथमिक ड्रायव्हर वापरते. त्याने पडदा दिसतो, पत्र लिहिता येते. पण त्रिमितीय चित्रे रेखाटण्याचा भार ग्राफिक्स चकतीऐवजी मुख्य प्रोसेसरवर पडतो. मग खेळ एक तर सुरूच होत नाही किंवा गोगलगायीच्या गतीने चालतो. हा प्रश्न खेळापुरता नाही. भूगोलाच्या तासाला लोणारच्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवराचा त्रिमितीय नकाशा पडद्यावर फिरवून दाखवावयाचा असेल, तर तेथेही हाच ड्रायव्हर कामी येतो. ज्या शाळेत असा नकाशा अडखळतो तेथे संगणक निकामी ठरविण्यापूर्वी त्याचा ग्राफिक्स ड्रायव्हर तपासून पाहावा.

ध्वनी, टचपॅड, कॅमेरा यांचे ड्रायव्हर विंडोजने स्वतः दिलेले असतील आणि ते भाग नीट चालत असतील, तर त्यांना हात लावू नये.

ड्रायव्हर कोठून घ्यावा?

कोणत्या भागाला ड्रायव्हर मिळालेला नाही हे ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये दिसते. तेथे त्या भागाच्या नावाशेजारी पिवळे त्रिकोणी चिन्ह असते. पुष्कळदा नावही ‘अननोन डिव्हाइस’ एवढेच असते. तरीही तो भाग कोणाचा हे ओळखता येते. त्या नावावर माउसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, त्यात ‘डीटेल्स’ आणि त्यात ‘हार्डवेअर आयडी’ निवडले की एक लांबलचक क्रमांक दिसतो. त्यातील ‘व्हेन’ या अक्षरांपुढील चार स्थाने निर्मात्याची आणि ‘डेव्ह’ या अक्षरांपुढील चार स्थाने त्या विशिष्ट भागाची असतात. निर्मात्याचा क्रमांक ८०८६ असल्यास तो भाग इंटेलचा, १००२ असल्यास एएमडीच्या ग्राफिक्सचा आणि १०डीई असल्यास एनव्हिडियाचा समजावा. इंटेलने ८०८६ हा क्रमांक १९७८ मधील आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरच्या नावावरून घेतला, हे विद्यार्थ्यांना सांगितल्यास त्यांच्या तो सहज लक्षात राहतो.

निर्माता कळल्यानंतर ड्रायव्हर घेण्याची स्थाने तीनच आहेत : विंडोज अपडेट, संगणक बनविणाऱ्या कंपनीचे संकेतस्थळ आणि चकती बनविणाऱ्या कंपनीचे संकेतस्थळ. लॅपटॉपच्या बाबतीत प्रथम लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा. तापमान, पडद्याचा उजेड आणि दोन ग्राफिक्स चकत्यांमधील अदलाबदल या गोष्टी तिने आपल्या यंत्राशी जुळवून घेतलेल्या असतात. त्याने खेळ नीट चालला नाही तर चकतीच्या निर्मात्याचा नवा ड्रायव्हर वापरून पाहावा. जुळणी केलेल्या, म्हणजे असेंबल्ड संगणकासाठी मात्र ग्राफिक्सचा ड्रायव्हर थेट इंटेल, एएमडी वा एनव्हिडिया यांच्याकडूनच घ्यावा.

‘सर्व ड्रायव्हर एका कळीसरशी नवे करा’ अशी जाहिरात करणाऱ्या आज्ञावल्यांपासून दूर राहणे श्रेयस्कर. त्यांतील कित्येक नको त्या आज्ञावल्या सोबत आणतात, काही जवळपास जुळणारा पण नेमका नसलेला ड्रायव्हर बसवितात. ६४-बिट विंडोजमध्ये गाभ्यात जाणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी असणे बंधनकारक आहे. २०१६ नंतरच्या आवृत्त्यांत नव्या ड्रायव्हरांसाठी मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी आवश्यक झाली. एखादा ड्रायव्हर बसविण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सूचना कोणी देत असेल, तर त्या ड्रायव्हरचा नाद सोडावा. ‘सिक्युअर बूट’ बंद करण्याच्या सल्ल्यालाही हेच लागू आहे. विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’सारखे खेळ सिक्युअर बूट व टीपीएम चालू असल्याखेरीज सुरूच होत नाहीत. म्हणजे खेळासाठी म्हणून केलेली काटछाट पुष्कळदा खेळाच्याच मुळावर येते.

नवा की जुना?

सर्वांत नवा ड्रायव्हर सर्वांत चांगला, ही समजूत अर्धीच खरी आहे. नव्या खेळासाठी, नव्या चकतीसाठी आणि सुरक्षेच्या उणिवा बुजविण्यासाठी नवा ड्रायव्हर आवश्यक असतो. जुन्या चकतीवर जुना खेळ सुरळीत चालत असेल तर केवळ नवेपणाच्या हौसेने बदल करण्यात लाभ नाही. एनव्हिडियाचे ड्रायव्हर दोन मालिकांत निघतात. ‘गेम रेडी’ मालिका नव्या खेळांच्या प्रकाशनाबरोबर वारंवार निघते. ‘स्टुडिओ’ मालिका चित्रफीत-संपादनासारख्या कामांवर अधिक तपासून प्रसिद्ध होते. दोन्हींवर खेळही चालतात आणि कामही होते. नवनवे खेळ खेळणाऱ्याने पहिली घ्यावी. शाळेसारख्या ठिकाणी दुसरी अधिक सोयीची ठरते.

जुन्या चकत्यांच्या बाबतीत निर्मात्याने ठरविलेली मर्यादा पाहणे अगत्याचे आहे. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांसाठी ऑक्टोबर २०२५ हा खेळविषयक नव्या ड्रायव्हरचा अखेरचा महिना ठरविला आणि त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षा-अद्यतने देण्याचे जाहीर केले. इंटेलनेही सहाव्या ते दहाव्या पिढीतील प्रोसेसरांच्या ग्राफिक्ससाठी २०२२ पासून वेगळी, संथ गतीची शाखा केली. जुना संगणक विकत घेणाऱ्याने किंमतीबरोबर ही मुदतही विचारात घ्यावी.

ड्रायव्हर बसवितानाही निवडीला वाव असतो. एएमडीच्या संचात ‘फुल इन्स्टॉल’, ‘मिनिमल इन्स्टॉल’ आणि ‘ड्रायव्हर ओन्ली’ असे पर्याय दिलेले असतात. जुन्या, कमी स्मृतीच्या संगणकावर शेवटचा पर्याय घेतल्यास मागे सतत चालणाऱ्या जोड-आज्ञावल्या टळतात. एनव्हिडियाच्या संचातही ‘कस्टम’ पर्यायातून अनावश्यक भाग वगळता येतात. काटछाट करावयाची ती येथे करावी; निर्मात्यानेच दिलेल्या सोयीने आणि प्रणालीच्या सुरक्षेला धक्का न लावता.

लिनक्सचा मार्ग

ज्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही त्यासाठी लिनक्स हा विनामूल्य व कायदेशीर मार्ग आहे. सी-डॅकने २००७ मध्ये ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स’ म्हणजे ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली तयार केली. केरळ राज्याने आपल्या शाळांतून लिनक्सचा वापर दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणावर केला आहे. जुन्या संगणकासाठी ‘लिनक्स मिंट’ची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्तीही सोयीची आहे. हलकेपणासाठी येथे कोणाच्या कात्रीवर विसंबावे लागत नाही.

लिनक्समध्ये ड्रायव्हरची रीत निराळी आहे. बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यातच अंतर्भूत असतात आणि प्रणालीबरोबरच अद्ययावत होतात. इंटेल व एएमडी यांच्या ग्राफिक्ससाठी ‘मेसा’ या मुक्त संचातून सर्व सोय होते. वेगळे काही उतरवावे लागत नाही. एनव्हिडियासाठी ‘नूव्हो’ हा मुक्त आणि कंपनीचा स्वतःचा, असे दोन ड्रायव्हर मिळतात. जुन्या चकतीवर खेळासाठी बहुधा कंपनीचाच घ्यावा लागतो. लिनक्स मिंटच्या ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये जो शिफारस केलेला दाखविला असेल तो निवडणे पुरेसे होते. २०१८ मध्ये ‘व्हॉल्व्ह’ कंपनीने ‘प्रोटॉन’ ही आज्ञावली आणल्यापासून विंडोजसाठी बनविलेले पुष्कळसे खेळ लिनक्सवर चालू लागले. मात्र लबाडी रोखणाऱ्या गाभ्यातील ड्रायव्हरवर अवलंबून असलेले काही स्पर्धात्मक खेळ अद्यापही चालत नाहीत. आवडीचा खेळ यांपैकी आहे काय, हे प्रणाली बदलण्यापूर्वी पाहून घ्यावे.

कार्यालयाचा संगणक

पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग यापुढील आहे. ग्रामपंचायतीच्या संगणकाला ग्राफिक्सपेक्षा तीन वेगळे ड्रायव्हर जीव की प्राण असतात : डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा आणि प्रिंटरचा. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणकाला ‘स्मार्ट कार्ड’ म्हणून दिसते. त्यासाठी टोकन-निर्मात्याचा ड्रायव्हर आणि विंडोजमधील स्मार्ट कार्ड सेवा या दोन्ही गोष्टी लागतात. ठसे-यंत्राला ड्रायव्हरबरोबर त्याच्या निर्मात्याची नोंदणीकृत ‘आरडी सेवा’ चालू असावी लागते. प्रिंटरला ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा आवश्यक असते.

खेळासाठी काटछाट केलेल्या आवृत्त्यांत ‘अनावश्यक’ म्हणून ज्या सेवा बंद केल्या जातात त्यांत स्मार्ट कार्ड व प्रिंट स्पूलर यांचाही समावेश असू शकतो. खेळणाऱ्या मुलाला त्यांची उणीव कधीच भासणार नाही. परंतु तशीच आवृत्ती सद्भावनेने ग्रामपंचायतीच्या मंद झालेल्या संगणकावर घातली गेली, तर सरपंचांचे टोकन ओळखले जात नाही, देयक अडते आणि दाखल्यासाठी आलेला वृद्ध शेतकरी हात हलवीत परत जातो. दोष टोकनचा समजून नवे टोकन मागविले जाते; त्यात दिवस जातात. याहून गंभीर बाब म्हणजे सुरक्षा-अद्यतने न मिळणाऱ्या प्रणालीवर गावाच्या निधीच्या स्वाक्षऱ्या होत राहतात.

म्हणून कार्यालयाच्या संगणकावर अधिकृत व परवानाप्राप्त प्रणालीच असावी आणि त्यावर खेळ मुळीच असू नयेत. तो मंद झाला असल्यास प्रथम सुरू होतेवेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञावल्या कमी कराव्यात. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि ४ जीबीच्या जागी ८ जीबी स्मृती बसविल्यास जो फरक पडतो, तो कोणत्याही काटछाटीने पडत नाही. मुख्य प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेल्या संगणकांत स्मृतीच्या एका पट्टीऐवजी सारख्या दोन पट्ट्या बसविल्यास खेळाची गतीही वाढते, कारण अशा ग्राफिक्सला स्वतःची वेगळी स्मृती नसते.

घाटाखालील तालुक्यांत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. संगणक तापला की प्रोसेसर स्वतःच आपली गती कमी करतो. पंख्यात धूळ साचली असेल तर ही वेळ लवकर येते. तेव्हा ड्रायव्हरला दोष देण्यापूर्वी पंखा साफ केलेला बरा.

परतीची वाट

नदीला उतार किती आहे हे पाहूनच पाण्यात पाऊल घालावे, ही जुनी शहाणीव येथेही लागू पडते. ड्रायव्हर बदलण्यापूर्वी विंडोजमध्ये ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा. एका वेळी एकच ड्रायव्हर बदलावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि दोन दिवस वापरून मगच दुसऱ्याकडे वळावे. चार ड्रायव्हर एकदम बदलले तर बिघाड कोणामुळे झाला हे कळत नाही. नवा ड्रायव्हर मानवला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ या कळीने जुना परत आणता येतो. ग्राफिक्स कार्ड एका कंपनीचे काढून दुसऱ्या कंपनीचे बसविताना जुन्या ड्रायव्हरचे अवशेष पुसणे हितावह असते. त्यासाठी ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे विनामूल्य साधन विंडोजच्या ‘सेफ मोड’मध्ये वापरले जाते, एरवी त्याची गरज पडत नाही.

शाळा व ग्रामपंचायती यांनी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये संगणकाची नोंद घेतलेली असतेच. तिच्या जोडीला एक साधी वही ठेवावी. संगणकाचा प्रकार, प्रत्येक महत्त्वाच्या भागाचा हार्डवेअर क्रमांक, बसविलेल्या ड्रायव्हरची आवृत्ती, तो कोठून घेतला आणि कोणत्या तारखेला बदलला, एवढ्या नोंदी पुरेत. त्या ड्रायव्हरांच्या प्रती एका पेन ड्राइव्हवर घेऊन तो वहीसोबत कपाटात ठेवावा. कर्मचाऱ्याची बदली झाली तरी ही माहिती गावातच राहील आणि दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाचाही वेळ वाचेल.

हे काम फार मोठ्या तज्ज्ञाचे आहे असे नाही. खेळाच्या ओढीने ज्या मुलांनी हार्डवेअर क्रमांक शोधण्याची, योग्य ड्रायव्हर पारखण्याची आणि चुकल्यास मागे फिरण्याची सवय लावून घेतली आहे, तीच मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेच्या संगणक कक्षाची वही लिहू शकतील. मात्र त्यांना एक गोष्ट प्रारंभीच शिकवावयास हवी : संगणक हलका करावयाचा तो त्याची राखण काढून घेऊन नव्हे, ज्या भागाला जो ड्रायव्हर, तोच आणि तेवढाच देऊन. घरातील खेळाचा संगणक असो की ग्रामपंचायतीतील कामाचा, हा नियम दोहोंनाही सारखाच लागू आहे.